उलट्या पात्यांची कात्री

मित्रांनो, जरा जवळ या, पण बोटे सांभाळून! वय झाले असले तरी माझी धार अजून गेलेली नाही. मी शिंप्याच्या मेजावरची एक जुनी कात्री. माझे नाक, म्हणजे पुढचे टोक, तुटलेले आहे, म्हणून दुकानात मला सगळे 'नकटी' म्हणतात. आधी मला या नावाचा फार राग येई. आता येत नाही. माझे नाक कसे गेले आणि ते गेल्यामुळे एका घराचे किती भले झाले, हेच तर मला तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म लोहाराच्या भट्टीत झाला. एक म्हातारे शिंपी तिथे आले होते. त्यांच्या हाताखाली बरीच तरुण मंडळी शिकत असत आणि सगळे त्यांना वस्ताद म्हणत. वस्तादांनी लोहाराला सांगितले, "मोठी कात्री हवी. पण पाती उलटी बसव."

"उलटी?" लोहाराने हातोडा खाली ठेवला. "उलटी कात्री कापेल काय, कपाळ?"

"कपाळ माझं आहे. तू कर."

उलटी म्हणजे काय, ते सांगते. नेहमीची कात्री उजव्या हातासाठी केलेली असते. उजव्या हाताने मूठ दाबली, की तिची पाती एकमेकांना घट्ट भिडतात आणि कापड सरळ कापले जाते. तीच कात्री डाव्या हातात घेतली, तर दाबताना पाती फाकतात आणि कापड मध्येच दुमडून चावल्यासारखे होते. वरचे पाते खडूची रेघ झाकते ते वेगळेच. मी याच्या नेमकी उलट आहे. माझ्या दोन्ही कड्या सारख्याच गोल आहेत आणि त्यांवर चिंधी गुंडाळलेली आहे, त्यामुळे पाहणाऱ्याला हा फरक कळत नाही. हाताला मात्र पहिल्याच कापाला कळतो.

वस्तादांकडे एक डावखुरा तरुण शिकायला होता. त्याचा काप नेहमी वेडावाकडा जाई. बाकीचे त्याला 'डावरा, डावरा' म्हणून चिडवत आणि तोही मान खाली घालून ऐकून घेई. आता याला बटणे लावायलाच बसवायचे, असे सगळ्यांनी धरून चालले होते. वस्तादांनी मला त्याच्यापुढे ठेवले, पण खरी गोष्ट सांगितली नाही. 'ही डावऱ्यांची कात्री' म्हटले असते, तर त्या बिचाऱ्याला आणखी एक टोमणा चिकटला असता. म्हणून ते म्हणाले, "ही कात्री साधी नाही. ज्याचा हात खरा असेल, त्यालाच ही वळते."

त्याने मला डाव्या हातात घेतले आणि कापड लोण्यासारखे कापले गेले. मग बाकीच्यांनीही आपापले उजवे हात आजमावून पाहिले. एकालाही मी वळले नाही! त्या दिवसापासून त्याला कोणी डावरा म्हटले नाही. वस्ताद मिशीतल्या मिशीत हसले आणि ते गुपित पोटात ठेवूनच एक दिवस हे जग सोडून गेले. त्यांचे खोटे प्रेमापोटी होते, म्हणून मी त्यांची जन्मभर ऋणी आहे. पण प्रेमाने पेरलेल्या खोट्यालाही काटे फुटतात, हे मला पुढे दिसायचे होते.

तो तरुण पुढे मोठा मास्तर झाला. त्यांनी स्वतःचे दुकान काढले. पुढच्या खोलीत कापायचे लांब मेज, शिवणयंत्रे आणि खिडकीजवळ एक खुर्ची. पडद्यामागे आतली खोली. आणि माडीवर घर. मास्तर रोज सकाळी माझ्या खिळ्यावर तेलाचा थेंब सोडत. धार स्वतः लावत. दुसऱ्या कोणाला मला हात लावू देत नसत. लोक म्हणत, "हात असावा तर मास्तरांसारखा!" मी मनात म्हणे, अहो, थोडे कौतुक माझेही करा. पण खरे सांगते, इतक्या जपणुकीचे सुख फार थोड्या हत्यारांच्या वाट्याला येते.

मास्तरांना एकच मुलगा. त्याला खडूने आखायला फार सुरेख जमे. तो मोठा झाला तेव्हा मास्तरांनी मला त्याच्या हाती दिले. त्याच्या उजव्या हाती! मी माझ्याकडून खूप धडपड केली, पण उलट्या पात्यांपुढे माझा तरी काय इलाज? कापड दुमडले, ओढले गेले, कुरतडल्यासारखे झाले.

"बाबा," मुलगा म्हणाला, "कात्रीच नीट नाहीये. कापड आत ओढतेय."

दुकानात गिऱ्हाईक होते. यंत्रावर टाचणीकाका होते. हे दुकानातले जुने कारागीर; अंगाने सडपातळ आणि तोंडात सदा टाचण्या, म्हणून हे नाव. सगळ्यांच्या देखत मास्तर म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं! अरे, याच कात्रीवर मी उभा राहिलो. दोष कात्रीत नाही, तुला हातच नाही."

सगळे हसले. टाचणीकाका तर इतके हसले, की एक टाचणी गिळता गिळता राहिले. मुलाच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. त्याने मला मेजावर ठेवले. कापायची दुसरी कात्री दुकानात नव्हतीच, आणि त्यानंतर तो कधी कापायला बसला नाही. मापे घ्यावीत, आखून द्यावे, गिऱ्हाइकाशी गोड बोलावे, एवढेच तो करू लागला. मित्रांनो, मला बोलता आले असते, तर त्या दिवशी मी किंचाळले असते.

पुढे मुलाचे लग्न झाले आणि घरात सून आली. हीच माझ्या गोष्टीतली खरी नायिका. तिचे एक गुपित होते. ती जन्माने डावखुरी होती. लहानपणी तिच्या डाव्या बोटांवर पट्टी बसे, म्हणून ती लिहायला आणि जेवायला उजव्या हाताने शिकली होती. सासरी तिने ही गोष्ट कोणालाही, अगदी नवऱ्यालाही कळू दिली नव्हती. एकटी असली, की मात्र सुरी हळूच डाव्या हातात जाई.

मास्तरांचा तिच्यावर फार जीव. खिडकीजवळची खुर्ची त्यांनी तिलाच देऊन टाकली होती. कापड आले, की ते विचारत, "सूनबाई, याला बटण कोणतं?" ती सांगेल तेच बटण लागे. तिथे मास्तरांचेही काही चालत नसे. माहेरी कोणी तिचे मत विचारले नव्हते. त्यामुळे तो प्रश्न ऐकला, की तिचा चेहरा उजळत असे.

मग मास्तरांच्या हाताला कंप सुटला. मला उचलले, की माझी पाती थडथडत. एके दिवशी त्यांनी मला खाली ठेवले आणि टाचणीकाकांना म्हणाले, "बाहेरचा माणूस बसवावा लागेल. काय करणार? घरात हात नाही."

मुलाने ते ऐकले. तो ताडकन म्हणाला, "मी कापीन. पण आतल्या खोलीत, एकटा. कुणी बघायला यायचं नाही."

मास्तरांनी मान डोलावली. त्यांनाही आपले जुने दिवस आठवले असतील.

आतल्या खोलीत पुन्हा तेच झाले. कापड चावले गेले. मुलगा डोक्याला हात लावून बसला. इतक्यात सून चहा घेऊन आली. मेजावर पेला ठेवायला जागा करावी, म्हणून तिने मला उचलले. आणि ती थबकली. उजव्या हातात पेला होता म्हणून तिने मला डाव्या हातात घेतले होते. तिने मूठ एकदा उघडली, मिटली. मग उरलेल्या कापडावर खडूच्या रेघेवरून एक काप घेतला.

किती दिवसांनी मी मोकळा श्वास घेतला! आयुष्यभर जिला प्रत्येक कात्रीने छळले होते, तिच्या हातात मी होते, आणि आयुष्यभर जिला एकच हात ठाऊक होता, त्या मला दुसरा हात मिळाला होता.

"अहो, ऐका ना," ती हरखून म्हणाली, "ही कात्री तर..."

"कात्रीचं नाव काढू नकोस!" तो ओरडला. कात्रीला दोष दिला म्हणून जगाने हसून घेतलेले तो विसरला नव्हता. मग त्याने तिचा काप पाहिला आणि आवाज खाली आणला. "तुला जमतंय ना? मग काप. कुणाला सांगू नकोस."

तिने मास्तरांचे काम वर्षानुवर्षे खुर्चीतून पाहिले होते. तिने कापले. मुलाने ते तुकडे मास्तरांपुढे नेऊन ठेवले. मास्तरांनी कडेवरून बोटे फिरवली आणि त्यांचे डोळे भरून आले. "आला! हात आला रे तुला!" म्हणत त्यांनी मुलाच्या पाठीवरून हात फिरवला.

तेव्हा खरे सांगता आले असते. त्याने तोंड उघडलेही होते. पण बापाचा तो हात पाठीवर यायला त्याने फार वाट पाहिली होती. त्याने तोंड मिटले.

एकदा तोंड मिटले, की खोट्याला राहायला घर मिळते. गिऱ्हाइके त्याला 'छोटे मास्तर' म्हणू लागली. तो वेगळ्याच तोऱ्यात चालू लागला आणि पडद्यामागे बायकोवर खेकसू लागला. "लवकर आटप." "हळू बोल." "तुला काय कळतं?" आपले खोटे ज्याला ठाऊक असते, त्याच्यावरच माणूस सगळ्यांत जास्त ओरडतो, हे मी तिथे शिकले.

खुर्ची रिकामी दिसे, म्हणून त्याने मास्तरांना सांगितले, "तिचं डोकं दुखतं हल्ली." पुढे सांगितले, "तिला दुकानाचा कंटाळा येतो." आणि तिला सांगितले, "बाबांना चालणार नाही तू कात्रीला हात लावलेला. कळलं तर तोंड बघणार नाहीत तुझं." एका घरातली दोन माणसे, एका पडद्याच्या दोन बाजूंना, एकमेकांवर रुसून बसली.

एकदा पडद्यापलीकडून मास्तरांचा आवाज आला, "आमच्या सूनबाईंना आता दुकान नको झालंय. असो. आमचंच माणूस ओळखायला चुकलं." तेव्हा ती कापत होती. कापता कापता दोन थेंब माझ्या पात्यावर पडले. पाण्याने गंज चढतो, म्हणून तिने डोळ्यांआधी मला पुसले. मित्रांनो, तो पदराचा स्पर्श मी विसरलेले नाही.

असे वर्ष गेले. मग मास्तरांनी ठरवले, की आता मेज रीतसर मुलाच्या हाती द्यायचे. वस्तादांची एक पद्धत होती. जाणाऱ्या मास्तरांचा कोट येणाऱ्याने सगळ्यांसमोर कापायचा. मास्तरांनी स्वतःसाठी गर्द निळे लोकरीचे कापड आणले. आता मुलाची पाचावर धारण बसली. पडद्यामागे लपायची सोय राहिली नव्हती.

आदल्या दुपारी तो मला घेऊन आत बसला. उजव्या हाताने पुन्हा पुन्हा करून पाहिले. चिंध्यांचा ढीग झाला. सून पडद्याशी येऊन म्हणाली, "अहो, एकदा माझं ऐका. तुमचा हात वाईट नाही..."

त्याला ती दया वाटली. त्याने मला उचलले आणि फरशीवर फेकले.

खण्ण झाले! माझे नाक तुटून मेजाखाली गेले. आवाज ऐकून मास्तर काठी टेकत आले. "काय पडलं?"

"कात्री," मुलगा म्हणाला. "हिने पाडली."

सून नवऱ्याकडे पाहत राहिली. तो फरशीकडे पाहत राहिला.

मास्तरांनी मला उचलले. तुटल्या जागेवरून अंगठा फिरवला. "दुकान तर सोडलंसच," ते तिला म्हणाले, "निदान माझ्या वस्तादांची आठवण तरी शाबूत ठेवायचीस." तिने माडीवर जाऊन कडी लावून घेतली. आपले कापलेले कपडे गावभर फिरतात आणि घरात आपल्याला आपले म्हणणारे कोणी उरले नाही, एवढेच तिला त्या दिवशी वाटले असेल.

मुलाला वाटले, कात्री मोडली म्हणजे सुटलो. पण मास्तर म्हणाले, "कोट थांबणार नाही. खरा हात कुठल्याही कात्रीने कापतो. टाचणीकाका, उद्या येताना बाजारातून नवी घेऊन या." आणि त्यांनी मला चिंध्यांच्या टोपलीत ठेवून दिले. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने म्हणतात. माझी तर तेराव्याचीच तयारी झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोपलीच्या विणीतून मी सगळे पाहिले. मेजावर निळे कापड, त्यावर मुलाने आखलेल्या सुरेख रेघा, शेजारी चकचकीत नवी कात्री. भोवती मास्तर, टाचणीकाका आणि दोन-चार जुनी गिऱ्हाइके. मुलगा कात्री उचले आणि पुन्हा ठेवी. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

पडदा हलला. सून बाहेर आली. तिला वाटले असते, तर ती आत बसून राहिली असती आणि तो आपल्याच खोट्यात बुडाला असता. तिने नवी कात्री उचलली आणि त्याच्या उजव्या हातात दिली. हळू आवाजात म्हणाली, "घ्या. ही उजव्या हाताची आहे. चालेल तुमच्या हाताला."

त्याने तिच्याकडे पाहिले. "काल मी तुला..."

"ते नंतर. अंगठा सैल सोडा आणि कापा."

त्याने डोळे मिटल्यासारखे करून मूठ दाबली. कर्र, कर्र, कर्र. निळी लोकर रेघेवरून अलगद दुभंगत गेली. तो स्वतःच्या हाताकडे दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा पाहत होता.

"वा, छोटे मास्तर!" टाचणीकाका ओरडले. मास्तरांचे डोळे पाणावले.

मित्रांनो, आता विचार करा. त्याला सगळे मिळाले होते. हात मिळाला होता, मेज मिळाले होते. मी टोपलीत पडले होते आणि सून काही बोलणार नव्हती. त्याचे खोटे आता कोणालाही सापडले नसते. पण ज्या बाईवर त्याने काल आळ घेतला होता, तिनेच ती कात्री त्याच्या हाती दिली होती. त्याने कात्री खाली ठेवली.

"बाबा, हा माझा पहिला काप आहे."

"म्हणजे?"

"वर्षभर हिने कापलं. मी नुसता तुमच्यापुढे आणून ठेवायचो. हिचं डोकं कधीच दुखत नव्हतं, मीच बाहेर बसू देत नव्हतो. आणि काल कात्री मी फेकली."

टाचणीकाकांनी तोंडातल्या टाचण्या काढून हातात घेतल्या.

मास्तर सुनेकडे वळले. "तू? अगं, ती कात्री माझ्याशिवाय कुणाला वळली नाही आजवर!"

ती टोपलीपाशी आली. तिने मला उचलले, आणि त्या घरात पहिल्यांदाच, सगळ्यांच्या देखत, डावा हात पुढे केला. माझे नाक नव्हते, पण पोटाची धार शाबूत होती. तिने कोटाच्या बाहीची लांब रेघ एका दमात कापली.

"बाबा, हिला खरा हात लागत नाही," ती म्हणाली. "डावा हात लागतो. हिची पाती उलटी आहेत."

तिने मला आणि नव्या कात्रीला शेजारी शेजारी ठेवून दाखवले. मास्तर वाकून पाहू लागले. त्यांनी नवी कात्री डाव्या हातात घेऊन एका चिंधीवर चालवली. चिंधी दुमडली. मला उजव्या हातात घेतले. पुन्हा चिंधी दुमडली. मग ते आपल्या थरथरत्या डाव्या हाताकडे पाहत राहिले आणि एकदम हसायला लागले.

"वस्ताद! गेलात तरी फसवताय होय मला!"

हसता हसता त्यांचा आवाज चिरकला. ते मुलासमोर जाऊन उभे राहिले. "तू सांगितलं होतंस. कात्री नीट नाही म्हणून तू तेव्हाच सांगितलं होतंस. आणि मी चारचौघांत तुला..." त्यांनी मुलाचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. "अंगणच वाकडं होतं रे, पोरा. अंगणच वाकडं होतं."

मग त्यांनी स्वतः खिडकीजवळची खुर्ची ओढली, तिच्यावरची चिंध्यांची गाठोडी खाली ठेवली आणि हाताने धूळ झटकली.

"बस, सूनबाई. मी म्हातारा झालो, पण मूर्खपणा काही सुटला नाही. आता सांग, या कोटाला बटण कोणतं?"

ती बसली. रडत रडत तिने सांगितले, "काळं. चार भोकांचं."

तिने नवऱ्याला लगेच माफ केले, असे मात्र समजू नका. बरेच दिवस ती त्याच्याशी फक्त मापांपुरतेच बोले. त्यानेही तोंड वर करून तक्रार केली नाही. गिऱ्हाईक काप पाहून 'वा' म्हणाले, की तो न चुकता सांगे, "हा आमच्या हिचा." एकदा तर त्याने स्वतः कापलेलेही तिच्या नावावर खपवले, तेव्हा ती म्हणाली, "पुरे आता, पुन्हा खोटं नको," आणि दोघेही हसले. त्या दिवशी मला खऱ्या अर्थाने तेल मिळाल्यासारखे वाटले.

मास्तरांनी तो कोट अखेरपर्यंत वापरला. अंग मुलाने कापलेले, बाह्या सुनेने. माझे नाक मास्तरांनी दगडावर घासून गोल केले आणि मी नकटी झाले. आज मेजावर आम्ही दोघी शेजारी नांदतो, उजवी आणि डावी. भांडणाचे कारणच नाही, कारण दोघींचे हात वेगळे.

मित्रांनो, मी लोहाराची ऋणी आहे, वस्तादांची आहे, रोज तेलाचा थेंब देणाऱ्या मास्तरांची आहे. सगळ्यांत जास्त ऋणी आहे त्या डाव्या हाताची, ज्याने मला चिंध्यांतून उचलले. त्या मुलाच्या जिभेचीही आहे. ती उशिरा वळली, पण वळली. तुमच्या घरात एखादी कात्री असेल, तर तिने पत्रा कापू नका, तिला ओले ठेवू नका, आपटू नका. आणि कोणाचा काप वाकडा गेला, तर 'तुला हातच नाही' म्हणण्याआधी त्याच्या हातातली कात्री एकदा बदलून पाहा. मास्तरांना ते कळायला फार उशीर लागला. तुम्ही तर अजून लहान आहात.